नाकुया

काका घरात शिरले की आधी चपला काढायचे आणि मग खाली वाकून त्या उलट्या फिरवायचे, तोंड दाराबाहेर. निघताना पाय घातला की चालायला लागायचं, वळण्यात वेळ जायला नको. मग आत येऊन सोफ्याशेजारी उभे राहायचे. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसतो की, बसायला काय." आणि उभेच. चहा उभ्याने, पोहे उभ्याने. कप खाली ठेवला की लगेच, "बरं, येतो मी."

"काका, अजून आलात कुठे?" हा ब्रिस्बेनजवळच्या आमच्या टूवूंबातल्या मराठी मंडळींचा ठरलेला विनोद होता. काकाही दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. हसताहसता त्यांचा एक पाय चपलेत गेलेला असायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळे जेवायला बसले की खिडकीशी जाऊन उभा राहणारा, लग्नात दाराजवळची खुर्ची धरून ठेवणारा. आपण म्हणतो, स्वभाव. मीही तेच म्हणत होते. माझ्या मुलीने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मम, इज ही वेटिंग फॉर समवन?" मी तिला गप्प केलं आणि पोहे वाढायला सांगितलं.

त्यांची माझी ओळख झाली ती जयंतीच्या कार्यक्रमात. आम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये इथला कम्युनिटी हॉल घेतो. नागपूर, अंबरनाथ, औरंगाबाद, कुठकुठची माणसं, बरीचशी हॉस्पिटलमधली नाहीतर युनिव्हर्सिटीतली. वर्षा त्यातलीच, आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर; मी तिथेच फार्मसीत. त्या वर्षी ती वडिलांना कायमचं घेऊन आली होती. भाषणं चालू असताना ते सबंध वेळ दारात उभे. मग नाहीसे झाले. वर्षा घाबरली. मी शोधत किचनमध्ये गेले, तर हॉलच्या जुन्या फ्रिजला तळहात लावून, डोळे मिटून उभे होते.

"काय झालं काका? बरं वाटत नाही का?"

"मला बरंय. याला नाही वाटत," ते म्हणाले.

जन्मभर त्यांनी फ्रिज दुरुस्त केले होते. अंबरनाथला आयटीआय केलं, काही दिवस इकडेतिकडे काढले आणि मग पेपरातली जाहिरात बघून थेट आफ्रिकेच्या पोटात, काँगोतल्या बुकावू गावी गेले. एका गुजराती शेठची कोल्ड्रिंकची कंपनी होती. कंपनी गावातल्या दुकानदारांना फ्रीजर द्यायची आणि काका ते चालू ठेवायचे. म्हणजे काम काय, तर सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि बाजारात दुकान-दुकान फिरायचं. सगळी घरची दुकानं. पुढे माल, मागे चूल. आई गल्ल्यावर, पोरं पोत्यांवर, बाप कुठेतरी सामान आणायला गेलेला. "एकेका दुकानात अर्धा तास काम आणि दीड तास जेवण," काका सांगायचे. "नाही म्हटलं तर फ्रीजरला हात लावू द्यायच्या नाहीत बायका."

हे सगळं ते उभ्याने सांगायचे. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही उभं राहावं लागायचं. माझे गुडघे दुखतात.

आता गाडीबद्दल. टूवूंबात गाडी नसली तर माणूस लंगडा. बस आहे म्हणायला आहे, पण शनिवारी दुपारनंतर तिच्या भरवशावर कुणी राहत नाही. काका गाडी चालवत नव्हते आणि घरात राहतही नव्हते. वर्षा शिफ्टला गेली की हे निघाले चालत. एकदा हायवेच्या कडेने, भर उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून चालले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, थांबवली, मागचा कुत्रा सरकवला आणि यांना बसवून गावात सोडलं. काका त्याला म्हणाले, "थँक्यू सर." तो म्हणाला, "नो वरीज मेट." तेव्हापासून काका उठता बसता नो वरीज. म्हणजे बसता नाही, उठताच.

वर्षाला हे कळल्यावर ती माझ्याकडे येऊन रडली. "सुजाता, शनिवारी मला नेमकी शिफ्ट असते गं. तू नेशील का त्यांना? कुठेतरी फिरवून आण, बस." मी हो म्हणाले. मी काही मोठी परोपकारी बाई नाही. शनिवार दुपार ही माझी आडवं पडण्याची वेळ. पण वर्षा रडली की कुणीही हो म्हणेल, तशी ती रडत नाही.

पहिल्या शनिवारी मी विचारलं, "कुठे जायचं काका? बागेत? इथली फुलं बघायला लोक लांबून येतात."

"फुलं काय, दिसतातच की गाडीतून. आफ्रिकन दुकान आहे म्हणे एक. तिथे जाऊ."

एक नव्हतं, तीन-चार होती. गेल्या काही वर्षांत इथे बरीच काँगोली कुटुंबं येऊन राहिली आहेत. मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारी, त्यांची दुकानं. मी इतकी वर्षं त्या गल्लीतून गाडी काढत होते, कधी आत डोकावले नव्हते. आता दर शनिवारी डोकावू लागले, म्हणजे मला डोकावावं लागलं.

त्यातलं मामा एस्थरचं दुकान आमचं मुख्य. त्यांच्यात बाईला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा म्हणजे आई. तर एस्थरची आई. दुकान अर्धं किराण्याचं, अर्ध्यात केस विणायची खुर्ची. वर टांगलेली रंगीत कापडं, खाली कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची पोती, खारवलेले मासे, कच्ची केळी, आणि भिंतीला लागून तीन आडवे फ्रीजर. नवरा आठवडाभर मीटवर्क्समध्ये, म्हणजे खाटीकखान्यात, आणि शनिवारी दुकानात करवतीने बोकड कापत असायचा. काका दारातून हाक द्यायचे, मामा एस्थर गिऱ्हाइकाच्या केसांतून हात न काढता ओरडून उत्तर द्यायची आणि दोघांची स्वाहिली सुरू व्हायची. इकडे घरात तोलूनमापून बोलणारे काका तिथे हातवारे करून बोलायचे, टाळ्या द्यायचे. ती पायाने एक खुर्ची त्यांच्याकडे ढकलायची. ते त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे.

मग एकेका फ्रीजरला तळहात लावणं. मग खरेदी. सोंबे म्हणजे कसाव्याचा कुटलेला पाला, आणि बोटाएवढी सुकी मासळी, सांबाझा. वर्षाच्या घरात त्या मासळीला गॅरेजच्या पुढे प्रवेश नव्हता. काकांनी गॅरेजमध्ये रस्त्यावरून उचलून आणलेला एक फ्रिज नीट करून ठेवला होता, त्यात त्यांचं वेगळं राज्य.

मला वाटलं, हे बरंय. माणसाला जुन्या चवी आठवतात, मिळाल्या, आता स्वस्थ होतील. कसले स्वस्थ. एक दुकान झालं की दुसरं. दुसरं झालं की तिसरं. प्रत्येक ठिकाणी दुकानदाराशी, आणि आत जो कुणी गिऱ्हाईक असेल त्याच्याशी, काहीतरी लांबलचक बोलणं आणि शेवटी समोरच्याचं मान हलवणं. तिथून निघाले की काका गाडीत येऊन पट्टा लावायचे. मग, "चला. ब्रिस्बेनला पण आहेत म्हणे दुकानं. मूरूका का काहीतरी."

"आज?"

"नो वरीज, पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी डोंगराचा घाट उतरून, हायवेचे ट्रक चुकवत मी त्यांना मूरूकाला नेलं. तिथे तर अख्खा रस्ता आफ्रिकन दुकानांचा. काका एकातून दुसऱ्यात असे शिरत होते की मला पार्किंग लावून होईपर्यंत ते चौथ्यात. दुपारभर फिरले. एका कापडवाल्याने, एका फोनवाल्याने, एका केशकर्तनवाल्याने, सगळ्यांनी मान हलवली. परत येताना घाट चढताना माझा धीर संपला. मी म्हणाले, "काका, तुम्हाला पाहिजे तरी कोणती मासळी? मला नाव सांगा, मी ऑनलाइन बघते."

मला मूर्ख ठरवलं ते मामा एस्थरने. एका शनिवारी काका मागे बोकडापाशी होते, तेव्हा ती मला इंग्रजीत म्हणाली, "तुझे वडील शोधतायत ती मामा नीमा कोण आहे? त्यांची बायको का?"

"ते माझे वडील नाहीत," मी म्हणाले. आणि मग, "कोण मामा नीमा?"

ती हसली नाही. म्हणाली, वर्ष होत आलं, दर आठवड्याला ते विचारतात. बुकावूच्या बाजारात फ्रीजर ठेवून मासे विकणारी मामा नीमा कुणाला माहीत आहे का. आम्हाला वाईट वाटतं, कारण आमच्याकडे नीमा हे नाव तुमच्या सुनीतासारखं. प्रत्येक गल्लीत एक मामा नीमा. तिला सुनीता कुठून माहीत, कोण जाणे. हॉस्पिटलात आमच्या दोन सुनीता आहेत, त्यामुळे असेल.

त्या दिवशी मी गाडी घराकडे न नेता कड्यावर नेली. टूवूंबा संपतं तिथे डोंगर एकदम तुटतो आणि खाली दरी पसरते. लोक तिथे आइस्क्रीम खायला येतात. मी म्हणाले, "उतरा. तुम्हाला उभ्यानेच बोलायचं असतं ना, मग बोला."

काकांनी कठड्याला हात लावला. मग त्यांनी मला विचारलं, "तू घरातून निघताना काय म्हणतेस?"

"येते म्हणते."

"आणि जाते म्हटलं तर?"

"आई ओरडायची."

"माझीपण," काका म्हणाले. "जातो म्हणणारा परत येत नाही म्हणायची. तोंडावर मारायची."

बुकावूत ते मामा नीमाच्या दुकानामागच्या खोलीत राहायचे. पहिल्या संध्याकाळी बाहेर पडताना तिला काय सांगावं कळेना. 'नाएंदा' म्हणजे जातो, हे शिकले होते, पण जीभ वळेना. म्हणून म्हणाले, "नाकुया." म्हणजे येतो. आपलं 'येतो', जसंच्या तसं उचलून त्यांच्या भाषेत ठेवलं. आता त्यांच्यात नाकुया म्हणजे हा इथे जाऊन आलोच. काका गेले शेठच्या घरी पत्ते खेळायला. रात्री परत आले तर मामा नीमा जागी, ताट झाकलेलं, आणि तिन्ही पोरं उपाशी, पाहुणा येतोय म्हणून त्यांना जेवू दिलेलं नाही. असं ओळीने काही दिवस झालं. शेवटी थोरली नीमा रडायला लागली तेव्हा मामाने काकांचा शर्ट धरला. येतो म्हणतोस आणि जातोस, हा काय प्रकार?

काकांनी मोडक्यातोडक्या शब्दांत समजावलं की आमच्यात जाताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मामा नीमा इतकी हसली की माशांच्या टोपलीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या बाजारात सांगितलं. त्यानंतर काका पिशवी घेऊन निघाले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदार ओरडायचे, "नाकुया! नाकुया!" तेच त्यांचं नाव पडलं. खरं नाव कुणालाच माहीत राहिलं नाही.

"मग?" मी म्हणाले. मला अजून यात शोधण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"मग लढाई गावात आली."

एके दिवशी सकाळी गोळ्यांचे आवाज यायला लागले. मामा नीमा दारात भजी तळत होती, त्यांच्यातली गोड भजी. कंपनीची जीप आली. आधीच भरलेली. ड्रायव्हर म्हणाला, आत्ता चढ नाहीतर राहा. खोलीत जायलाही वेळ नव्हता. काका चढले. मामा नीमा हातात झारा घेऊन उभी राहिली. आणि जीप वळताना काका सवयीने ओरडले, "नाकुया!"

"त्यांना ठाऊक होती की तुमची सवय."

"रोजची ठाऊक होती. त्या दिवशी?" काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. "सुजाता, गोळ्या चालल्यात, माणूस गाडीत चढतो आणि म्हणतो, येतो. तू काय समजशील? गाडी घेऊन येतो, असंच ना? जीप सीमेपलीकडे गेली ती गेली. कंपनी बंद झाली, मला मुंबईच्या विमानात बसवलं. पत्र टाकायला पत्ता नव्हता, बाजारातल्या दुकानाला कसला पत्ता. त्या गल्लीत मागे थांबले त्यांचं काय झालं ते मी नंतर ऐकलं. ती थांबली असेल का गं? माझ्या शब्दावर थांबली असेल का, पोरं घेऊन?"

माझी मुलगी पहिल्याच दिवशी चुकली होती, पण थोडीशीच. कुणाची तरी वाट ते बघत नव्हते. कुणी तरी आपली वाट बघत राहिलं असेल, या भीतीने ते एवढी वर्षं उभे होते. बायको गेली, मुलगी डॉक्टर झाली, देश बदलला, आणि हा माणूस अजून त्या जीपमधून उतरायला बघत होता.

मला रडू आलं की माझा आवाज चढतो. मी जवळजवळ ओरडलेच, "पण काका, तुम्ही मामा नीमा कशाला विचारताय? हजार असतील त्या! नाकुया किती होते बाजारात?"

त्यांनी कठड्यावरचा हात काढला.

"तिला नका शोधू. स्वतःला शोधा."

आम्ही तसेच उलटे मामा एस्थरकडे. तिने ऐकलं, आधी हसली, मग डोळे पुसले, मग फोन उचलला. बुकावूच्या लोकांचे जगभर व्हॉट्सॅपचे ग्रुप आहेत, आपल्यासारखेच; त्यातही लग्नं, भांडणं आणि गुड मॉर्निंग. तिने आवाज रेकॉर्ड करून टाकला. बाजारात फ्रीजर नीट करणारा नाकुया नावाचा मुहिंदी कुणाला आठवतो का? मुहिंदी म्हणजे आपण.

पुढचे दिवस काकांनी मला फोन करकरून हैराण केलं. "काही आलं का?" मी म्हणायचे, मला कसं येईल, मामा एस्थरला येईल. "नो वरीज," म्हणायचे आणि तासाभराने पुन्हा. वर्षा म्हणाली, ते गॅरेज ते पत्रपेटी, पत्रपेटी ते गॅरेज अशा फेऱ्या मारतायत, लॉनवर वाट पडली.

शनिवारी दुकानात पाय ठेवला तर मामा एस्थरने गिऱ्हाइकाला तसंच अर्ध्या वेणीवर सोडलेलं. तिने फोन पुढे धरला. आधी नुसतं एका म्हातारीचं हसू. हसताहसता खोकला. मग दोन वाक्यं. मामा एस्थरने मला इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, नाकुया? अजून येतोच आहे का तो?"

बुजुंबुराला होती ती, शेजारच्या देशात, तिथल्या तळ्याकाठी. तीच मामा नीमा. अजून मासे विकत होती. मामा एस्थरने तिथल्या तिथे फोन लावला. फोन मी धरला. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक जाडजूड बाई आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारी दुसरी, चाळिशीची. ती नीमा असणार, उपाशी राहणारी. खूप वेळ नुसता आरडाओरडा झाला. मग काका एकदम हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि मला भाषा येत नसूनही कळलं की काय विचारलं.

मामा एस्थर मला सांगत गेली. "ती म्हणते, थांबले? कशाला थांबू? तू गाडीत चढलास आणि येतो म्हणालास. मी नीमाला म्हटलं, याचं ताट उचल, हा गेला. चूलही विझवली नाही आम्ही. तुझी जीप कोपऱ्यावर वळली नसेल, तोवर आम्ही मागच्या दाराने तळ्यावरच्या होडीकडे."

पलीकडे माय-लेकी हसत होत्या. काकाही हसले. मग त्यांनी हाताने चाचपून ती खुर्ची मागे ओढली, वर्षभर मामा एस्थर पायाने ढकलत होती ती, आणि तिच्यावर बसले. पाठ टेकून. मामा एस्थरने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बोकड कापणारा नवराही करवत थांबवून बघायला आला.

घरी जाताना गाडीत ते म्हणाले, "बरं झालं. सुटलो."

"हो काका."

बऱ्याच वेळाने, सिग्नलला, "एक मिनिट तरी थांबायला हवं होतं गं तिने."

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यानंतरचे काका मला आवडले नाहीत, सांगूनच टाकते. बसायला लागले. वर्षाच्या रिक्लायनरमध्ये सकाळी जे बसायचे ते संध्याकाळपर्यंत. चहा बसून, जेवण बसून. वर्षा आधी खूश झाली, म्हणाली, शेवटी रमले बाबा. मग तिला भीती वाटायला लागली. शनिवारी मी हॉर्न वाजवला तर बाहेर येईनात. पूर्वी हॉर्नची गरजच नसायची, मी वळणावर दिसायच्या आत ते पत्रपेटीशी पिशवी घेऊन उभे असायचे. मी आत जाऊन म्हणायचे, चला, दुकानं बंद होतील. ते म्हणायचे, "कशाला? तू आण ना काय ते." ज्या माणसाने माझे सगळे शनिवार खाल्ले, त्याने ते परत केले, तर मला ते नकोसे झाले.

आणि मग एक दिवस मामा नीमाचा निरोप आला. मामा एस्थरने तो मला हॉस्पिटलात फोन करून सांगितला. फ्रीजर बंद पडलाय. इथले पोट्टे म्हणतात नवा घ्या. नाकुया, तू येतोयस का नुसताच येतोयस?

मी ब्रेकमध्ये जाऊन ते काकांना शब्दशः ऐकवलं. ते रिक्लायनरमधून उठले.

काका बुजुंबुराला जायचं म्हणताच वर्षाने आकाशपाताळ एक केलं. ती डॉक्टर, तिला त्यांच्या हृदयातल्या स्टेंट दिसत होत्या, मला पत्रपेटीशी उभा राहणारा माणूस दिसत होता. तिने मला समजावायला पाठवलं, "तुझं ऐकतील, तू सांग." मी गेले. काका गॅरेजमध्ये जमिनीवर गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि कसल्या कसल्या तांब्याच्या नळ्या मांडून बॅगेत बसवत होते. बॅग लहान पडत होती. मी घरी येऊन माझी मोठी बॅग नेऊन दिली. वर्षा माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

सहा आठवड्यांसाठी गेले होते. मग म्हणाले, शेजारच्या दुकानाचाही फ्रीजर आहे. मग त्याच्या शेजारच्याचा. मला व्हॉइस मेसेज यायचे. मागे बाजाराचा गलका, कोंबड्या, आणि मध्येच कुणीतरी लांबून ओरडलेलं "नाकुया!" काका बोलता बोलता दुसऱ्याच कुणाला उत्तर द्यायचे आणि मेसेज तसाच संपायचा. व्हिसा वाढवला. पाऊस संपला की निघतो म्हणाले.

एका सकाळी ते उठले नाहीत. वर्षा तिकडे गेली, तिनेच सगळं केलं. परत आल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, त्या बाईने मला जवळ घेतलं, मी तिच्यावर रागवायचं ठरवून गेले होते. मग म्हणाली, "सुजाता, बाबांच्या चपला त्यांच्या दारात होत्या. काढून टाकलेल्या, आत तोंड करून. मी किती वेळ त्याच बघत बसले."

मला मात्र आठवतो तो विमानतळ. मीच सोडायला गेले होते. वर्षाने शेवटच्या क्षणी शिफ्ट बदलून घेतली आणि तीही आली, गप्प. काकांनी तिला जवळ घेतलं, तिच्या कानात काहीतरी बोलले. मग माझ्याकडे वळले. पिशवी खांद्यावर, पाय आधीच आत जाणाऱ्या रांगेकडे.

"बरं सुजाता," ते म्हणाले. "जातो."

"काका! असं म्हणू नये. येतो म्हणा."

"नको," काका म्हणाले. "तू वाट बघशील."

आणि गेले. वळूनही बघितलं नाही.

शनिवारी दुपारी मामा एस्थरकडे मी अजून जाते. मासळी घेत नाही, सोंबे घेते, थोडं जमायला लागलंय. येताना वर्षाच्या घरावरून वळते. पत्रपेटी दिसली की गाडी हळू करते. वाट मी बघतेच.